उजेडाचा पत्रा

१० फेब्रुवारी

गादीवाल्या बाईंना नमस्कार.

मायना काय लिहावा यावर सकाळपासून अडलोय. आपली ओळख म्हणाल तर जेमतेम आठवड्याची, आणि त्यातही बोलणं म्हणजे तुम्ही खालून ओरडायचं आणि मी वरून 'हो हो' करायचं. पण जो माणूस छपरातून थेट तुमच्या दुकानात उतरला, त्याने तुम्हाला अनोळखी तरी कसं म्हणावं? मी तोच पत्रेवाला. दारातून यायची पद्धत सोडून आलो त्याबद्दल आधी माफी मागतो.

फोनच करणार होतो. पण माझा जोडीदार काटकोन म्हणाला, बाईंना फोन करू नकोस, कापूस पिंजायच्या यंत्रापाशी जन्म गेला त्यांचा, पलीकडून नुसतं 'कोण? कोण?' येतं. म्हणून हा कागद. (त्याचं खरं नाव वेगळं आहे. प्रत्येक पत्रा काटकोनात बसला पाहिजे म्हणून जीव खातो, म्हणून हे नाव.)

माझी खबर अशी. डाव्या पायाची टाच मोडली आणि दोन बरगड्यांना तडा गेला. गुडघ्यापर्यंत प्लॅस्टर आहे. हसलं की दुखतं आणि शिंकलं की ब्रह्मांड आठवतं. डॉक्टरांनी विचारलं, पडलात किती उंचावरून? मी सांगितलं. पडलात कशावर? म्हटलं, कापसाच्या ढिगावर. त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, तिथे नुसती फरशी असती तर हा प्रश्न मी तुमच्या बायकोला विचारत असतो.

तेव्हापासून एकच गोष्ट डोक्यात घोळते आहे. एवढं मोठं दुकान, त्यात यंत्र, गाठोडी, शिवायचा ओटा, आणि ढीग नेमका तिथेच. आदल्या दिवशी तो तिथे नव्हता, मला पक्कं आठवतं. बाई, तुम्हाला कसं सुचलं? माझे आईवडील गेले, पण त्यांच्यानंतर मला जन्म देणारं कुणी असेल तर तुम्ही आहात, हे मी लाजतही सांगतो आणि न लाजताही सांगतो.

तुमचं छप्पर अर्धं टाकून आलोय याची मला जाणीव आहे. पाय बरा झाला की पहिलं काम तेच. कुणालाही हात लावू देऊ नका.

तुमचा आभारी,
पत्रेवाला


१८ फेब्रुवारी

पत्रेवाले यांस,

पत्र मिळालं. तुम्ही जिवंत आहात हे काटकोनाने सांगितलं होतंच, पण माणसाच्या हातचं अक्षर पाहिलं की खात्री पटते. अक्षर मात्र तुमचं पत्र्यावर खिळ्याने ओढल्यासारखं आहे.

आता आभारांचं. ते माझ्याकडे पाठवू नका, पत्ता चुकलाय. कापसाला द्या. तो एका वसतिगृहाच्या गाद्यांचा कापूस होता. नुकता पिंजून, हलका करून रचला होता, आणि तुम्ही आलात गंज, स्क्रू, प्लॅस्टिकचे तुकडे आणि एका बुटासकट. सगळा कापूस पुन्हा पिंजावा लागला. बूट ठेवलाय. एकाच पायाचा आहे, मला काय उपयोग.

आणि सुचायचं काय त्यात? मला काही साक्षात्कार झाला नव्हता. तुमचं वर काम चाललं होतं, खाली माझ्या कापसात गंजाचा भुगा पडत होता. कापूस आज इकडे हलव, उद्या तिकडे हलव, याने मी वैतागले होते. आता मधल्या भागात बघा, तिथे छपराला उजेडाचा एक पत्रा होता ना, प्लॅस्टिकचा? त्याचा उन्हाचा चौकोन खाली जमिनीवर पडायचा. त्यात बसून मी टाके घालायची. त्या सकाळी आले तर चौकोन गायब. वर पाहिलं तर अंधार. म्हटलं, चला, इथे पत्रेवाल्याने लोखंडी पत्रा टाकला, इथलं काम संपलं, आता इथे भुगा पडणार नाही. म्हणून ढीग तिथे हलवला. तुमच्यासाठी नाही, तुमच्या कचऱ्याच्या भीतीने.

तुम्ही पडलात तेव्हा यंत्र चालू होतं. मला आवाजही आला नाही. वळून पाहिलं तर ढिगातून एक पाय वर. काही क्षण मला तो कुणाचा तेच कळेना.

ताडपत्री बांधली आहे. फडफडते, पण चालेल. तब्येतीला जपा. आणि बाई म्हणू नका, गिऱ्हाईक आल्यासारखं वाटतं. सगळे मावशी म्हणतात.

गादीवाली मावशी


४ मार्च

मावशी,

तुमचं पत्र वाचलं आणि त्याच्याच पाठीवर तुमच्या छपराचं चित्र काढून बघितलं. हिने विचारलं, काय झालं? म्हटलं, काही नाही. सांगायला गेलो असतो तर ती उठून गेली असती. छपराचा विषय निघाला की आमची ही चुलीवर काहीतरी उतू जात असल्यासारखी आत जाते. लग्नाला इतकी वर्षं झाली, मी कुठे चढतो, काय करतो, एकदा विचारलेलं आठवत नाही. एकदाही बघायला आली नाही. असो. तुम्हाला सांगतो.

आमच्या धंद्यात पत्र्यावर कुठेही पाय देत नाहीत. छपराखाली लोखंडी आडवे पाइप असतात, पत्रा त्यांना स्क्रूने आवळलेला असतो. वरून पाइप दिसत नाही, पण स्क्रूची ओळ दिसते. त्या ओळीवर पाय द्यायचा, दोन ओळींच्या मध्ये नाही. आणि उजेडाच्या प्लॅस्टिकवर तर कध्धीच नाही. ऊन खाऊन खाऊन ते पापडासारखं होतं.

तुमचा तो जुना प्लॅस्टिकचा पत्रा मी शेवटी बदलणार होतो. म्हटलं, तोवर चुकून कुणाचा पाय पडू नये. म्हणून त्यावर नवा लोखंडी पत्रा नुसता आडवा टाकला, एका टोकाला तारेने बांधला, बाकी मोकळा. शहाणपणाच केला म्हणा. दुसऱ्या दिवशी मी स्क्रूची ओळ सरळ यावी म्हणून सुतळी ताणत मागे मागे सरकत होतो. मागे नवाकोरा चकचकीत पत्रा, आजूबाजूलाही नवेकोरे चकचकीत पत्रे. माझाच टाकलेला, माझाच विसरलेला. पाय दिला, तो कलला, खालचं प्लॅस्टिक फुटलं, आणि पुढचं तुम्ही पाहिलंत. धोका उघडा असता तर दिसला असता. मी तो झाकून ठेवला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. आमच्याच लोकांनी करावी अशी चूक.

आणि आता तुम्ही लिहिता, त्याच पत्र्याने तुमचा उजेड गेला, म्हणून तुम्हाला वाटलं काम झालं, म्हणून ढीग तिथे आला. म्हणजे मावशी, ज्याने मला पाडलं त्यानेच खाली गादी घातली. मी तो पत्रा टाकला नसता तर पडलो नसतो हे खरं. पण टाकून पडायचंच होतं, तर तुम्ही खाली असायला हवं होतं, आणि तुम्ही होतात. आता आभार कुणाचे मानू, पत्ता सांगा. तोवर तुमचेच मानतो.

महिनाअखेरीस प्लॅस्टर निघतंय. मग आलोच म्हणून समजा. उजेडाचा नवा पत्रा घालून देतो, खाली जाळीसकट. तिथून मांजरसुद्धा पडणार नाही.

तुमचा,
पत्रेवाला


१५ मार्च

अरे पत्रेवाल्या,

आता मी तुला अहो-जाहो करणार नाही. जो माणूस स्वतःच खड्डा खणतो, त्यावर चटई अंथरतो आणि मग त्या चटईवर बसायला जातो, त्याला अरेच म्हणतात.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा हसले. मग हसू गेलं. मी रोज त्या जागी बसायची रे. उजेड गेला नसता तर त्या सकाळी मीच तिथे बसलेली असते, हातात सुई, डोळे टाक्यावर, कान हे असे. तुझ्या पत्र्याने मलाही उठवलं तिथून. तेव्हा आभाराचा थोडा वाटा मीही त्या पत्र्याकडे देते. बाकी हिशोब देव जाणे.

सूनबाईंबद्दल फार बोलू नकोस. बायका उठून आत गेल्या म्हणजे ऐकत नाहीत असं नसतं. आतूनही ऐकू येतं. माझ्यासारखे कान असले तर गोष्ट वेगळी.

दोघे पत्रेवाले येऊन छप्पर बघून गेले. एकाने सगळंच उपटू म्हणून सांगितलं. दुसऱ्याने तुझं काम पाहून मान हलवली, चांगल्या अर्थाने. दोघांनाही पाणी पाजून पाठवलं. काटकोन बाकीचे पत्रे टाकायला येणार म्हणतो. टाकू दे. तुझं भोक तुझ्यासाठी ठेवते. पण पावसाआधी ये. ताडपत्री काही छप्पर नव्हे.

मावशी


२० एप्रिल

मावशी,

प्लॅस्टर निघालं. पाय तसा बरा आहे. पत्राला उशीर झाला, राग मानू नका. डॉक्टर म्हणतात, अजून जपा. शिवाय इथे जवळच एका गोदामावर राखणदाराची जागा निघाली आहे. सावलीतलं काम, खुर्ची मिळते. हिच्या मते तीच घ्यावी. बघू.

काटकोनालाच तेवढं भोकही बुजवायला सांगा. तो चोख करील. जाळी मात्र घालून घ्या.

कळावे.
पत्रेवाला


२७ एप्रिल

अरे,

तुझ्या आधीच्या पत्रांत तुला पान पुरत नव्हतं. या खेपेला तू पानाला पुरला नाहीस. 'कळावे' म्हणतोस, आणि काय कळावं तेच लिहीत नाहीस.

काटकोन येऊन गेला. बाकीचे पत्रे टाकले त्याने, पट्टीने ओढल्यासारखी ओळ आली आहे. तुझं भोक तेवढं ठेवायला सांगितलं, तर त्याने माझ्याकडे असं बघितलं, जणू म्हातारी सटकली. परवा एक अवेळी सर येऊन गेली. ताडपत्रीत पाणी साठलं, पोट आलं तिला, आणि रात्रीतून एक कोपरा सुटून खाली गठ्ठाभर कापूस भिजला. वाळवला. भिजलेला कापूस पुन्हा तसा होत नाही, गुठळ्या धरतो. हे मी तुला टोचायला लिहीत नाही. माझ्या छपरात भोक आहे हे विसरू नकोस, एवढंच.

मे संपेपर्यंत वाट बघते. मग काटकोन. मी हट्टी आहे, वेडी नाही.

पण मला एक सरळ सांग. अडलंय ते पायात की आणखी कुठे? मला उंचावरचं काही कळत नाही. जन्मभर जमिनीवर मांडी घालून टाके घातले. शिडीच्या तिसऱ्या पायरीवर मला घेरी येते. तेव्हा माझ्यासमोर लाजायचं कारण नाही.

मावशी


५ मे

मावशी,

तुम्ही विचारलंत ते इथे कुणी विचारलं नव्हतं. म्हणून इथे कुणाला सांगितलं नाही.

पाय ठीक आहे. दुखत नाही, लंगडतही नाही. गेल्या महिन्यात पुढच्या खोलीतला दिवा गेला. नवा दिवा घेऊन स्टुलावर चढलो. स्टूल ते केवढं, गुडघ्याएवढं. वर उभा राहिलो आणि दोन्ही पाय थरथरायला लागले. हात वर होईना. मी मावशी, ज्या उंचीवरून माणसं मुंग्यांएवढी दिसतात तिथे बसून भाकर खाल्लेला माणूस, स्टुलावर उभा राहून भिंत धरत होतो. घामाने भिजलो. ही दारात उभी होती. आली, माझ्या हातातून दिवा घेतला, मी उतरलो, ती चढली, दिवा बसवला आणि आत गेली.

त्या दिवसापासून त्या दिव्याखाली बसवत नाही. तिने चिडवलं असतं तरी चाललं असतं. दुसऱ्या दिवशी तिने गोदामाच्या जागेचं काढलं. म्हणाली, घ्या ती. सुटली एकदाची असंच वाटत असणार तिला. माझ्या धंद्याने तिला कधी सुख दिलं नाही, हे मलाही कळतं. पण मला दुसरं काही येत नाही मावशी. आणि येत असतं तरी नको होतं. तुम्हाला सांगतो, सकाळी सगळ्यांच्या आधी वर चढलं की पत्रा थंड असतो, पायाखाली कटकट वाजतो, खालून गावाचा आवाज येतो आणि आपल्याला कुणी हाक मारत नाही. ते गेलं तर जाईल. पण भीतीने गेलं तर रस्त्याने जाताना कुठल्याच छपराकडे मान वर करून बघता येणार नाही मला.

एकदा चढायला हवं. तुमच्याच छपरावर. दुसरीकडे चढून काही उपयोग नाही. पण तुमच्या छपराचा विचार आला की मी दुसरंच काहीतरी काम काढून बसतो. हे असं आहे. आता सगळं सांगितलं. बरं वाटलं.

पत्रेवाला


१२ मे

लेकरा,

एवढंच ना? मी म्हटलं कर्जबिर्ज झालं की काय.

भीती वाटते त्यात लाजण्यासारखं काय आहे? पडलेला माणूस घाबरला नाही तर त्याला डोक्यावर पडला म्हणतात. आणि दिवा तिने लावला यात तुझं काय गेलं? तिने अंधारात बसावं का?

आता माझा बेत ऐक. दुकानात या घडीला जेवढ्या गाद्या तयार आहेत, तेवढ्या सगळ्या तुझ्या भोकाखाली अंथरते. भिंतीपासून भिंतीपर्यंत. त्यावर उशा. वर पिंजलेला कापूस. गिऱ्हाइकांना सांगते, दोन दिवस थांबा, आमच्याकडे माणूस पडायचा आहे. तू निवांत चढ. पडलास तर झोपच लागेल. पडला नाहीस तर त्याच गाद्या विकते.

सूनबाईला घेऊन ये. मला तिला बघायचंय. दिवा लावणारी बाई मला आवडते.

मावशी


१९ मे

मावशी,

तुमचं पत्र मी हिला वाचून दाखवलं. पहिल्यांदाच. गाद्यांच्या बेतापाशी आलो तेव्हा ती इतकी हसली, की बरगड्यांना तडा असता तर तिच्याही दुखल्या असत्या. मग गंभीर झाली. म्हणाली, येते मी. मी चाट. पण पुढे म्हणाली, बाहेर बसेन. तुमच्याकडे पाठ करून बसेन. मला वर बघायला सांगायचं नाही. म्हटलं, बरं. तिचं येणंच पुष्कळ आहे. काटकोन शिडी धरायला येतोय.

आता तुम्हाला एक विनंती. गाद्यांचा बेत वाचून डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू. पण मावशी, गाद्या नकोत. कापूसही नको. त्या भागातलं सगळं काढून घ्या, फरशी मोकळी ठेवा.

कारण सांगतो. खाली मऊ आहे हे माहीत असलं की पाय खालचा भरवसा धरतो. मग तो ओळ बघत नाही. मला पडून वाचायचं नाही, न पडता उतरायचंय. खाली फरशी आहे एवढं ठाऊक असलं की मी प्रत्येक पाऊल बघून टाकीन. एकदा तुमच्या कापसाने वाचलो. सारखं सारखं वाचलो तर तो धंदा नाही, लाड आहेत.

हे उद्धटपणाचं वाटलं तर माफ करा. पुढच्या आठवड्यात येतो.

पत्रेवाला


४ जून

मावशी,

घरी सुखरूप पोचलो. तुमच्या दारातून निघताना नीट बोलताच आलं नाही. काटकोन समोर होता. म्हणून आज सगळं काम बाजूला ठेवून बसलो आहे.

शिडीवर अर्ध्यात थांबलो ते तुम्ही पाहिलं असेल. काटकोन खालून 'घाई नाही, घाई नाही' म्हणत होता, त्याचाच आवाज कापत होता. वर गेलो. पहिलं पाऊल टाकायला किती वेळ लागला सांगता येणार नाही. चवड्यावर बसलो, स्क्रूच्या ओळीवर हात ठेवला. स्क्रूचं डोकं हाताला लागलं, खाली पाइप आहे, पत्रा पक्का आहे, हे हाताला कळलं आणि मग पायाला कळलं. मग उठलो. आधी फरफटत, मग हळूहळू नीट. ताडपत्री सोडली आणि भोकातून खाली फरशी दिसली, स्वच्छ झाडलेली. तुम्ही माझं ऐकलंत. त्या मोकळ्या फरशीचे मी किती आभार मानले म्हणून सांगू. कापसाइतकेच.

जाळी बसवली, उजेडाचा पत्रा बसवला. स्क्रू बेताचे आवळले, रबराची चकती दबेल इतपत, चिरडेल इतके नाही. शेवटी धातूचा कीस झाडून काढला, नाहीतर तो गंजतो आणि डाग पाडतो. उजेडाच्या पत्र्यातून खालचं स्पष्ट दिसत नाही, पण सावली कळते. तुम्ही खाली सारख्या फेऱ्या घालत होतात. मी इकडे सरकलो की तुमची सावली इकडे, तिकडे सरकलो की तिकडे. गुडघ्यांना त्रास दिलात माझ्यापायी. तुमचे उपकार कुठे फेडू.

ही ठरल्याप्रमाणे बाहेर बाकावरच बसली होती. मी उतरलो तेव्हा तिथेच होती, रस्त्याकडे तोंड करून. 'झालं?' म्हणाली. 'झालं' म्हटलं. बस्स. परतीच्या बसमध्ये मला वाटलं झोपली आहे, तर डोळे न उघडता म्हणाली, गोदामवाल्यांना नाही म्हणून कळवून टाका. मी विचारलं, का? म्हणाली, तुम्हाला खुर्चीत बसवत नाही. आता ही बाई कधी काय बोलेल याचा अंदाज मला या जन्मी येणार नाही. काल कळवून टाकलं. सोमवारपासून काटकोनाबरोबर एका शाळेच्या छपरावर आहे.

बाकी क्षेम. हिची मान तेवढी अवघडली आहे, हलवता येत नाही. बसमध्ये वाकडी झोपली त्याने झालं म्हणते.

मावशी, मी शिकलेला नाही, मला आभाराचे दोन-चारच शब्द येतात आणि ते सगळे या पत्रांत वापरून झाले. तेच पुन्हा वापरतो. फार फार आभार.

तुमचा,
पत्रेवाला


११ जून

बाळा,

छप्पर उत्तम. पाऊस येऊन गेला, थेंब नाही. उन्हाचा चौकोन परत आला आहे, त्यात बसूनच लिहिते आहे.

आता तुला एक गोष्ट सांगते. सांगणार नाही असं मी कबूल केलं होतं. पण माझं वय झालं, कबूल केलेलं विसरायचा मला हक्क आहे.

माझे गुडघे मला यंत्रापासून दारापर्यंत नेतानाच शिव्या देतात. मी कशाला फेऱ्या घालीन? मी ओट्यावर बसून होते. ती सावली माझी नव्हती.

सूनबाई बाहेर बसली होती हे खरं. पाठ करून, पदर घट्ट धरून. तू वर पाय टाकलास तेव्हा पत्रा वाजला असणार. मला काय ऐकू येतंय. तिला ऐकू आला. ती उठून आत आली. मला वाटलं पाणी हवंय, मी तांब्याकडे बोट केलं. तिने बघितलंही नाही. तुझ्या बरोबर खाली जाऊन उभी राहिली, मान वर करून. मग तू चाललास तशी ती चालली. तू थांबलास की थांबायची. मी मध्येमध्ये विचारायची, कुठे आहे आता? ती बोट वर करून दाखवायची. बाकी वेळ तिचे हात असे पुढे धरलेले, कोपरात वाकवून, मूल घ्यायला धरतात तसे.

मी म्हटलं, अगं बाई, हा एवढा गडी तुझ्या हातात आला तर तुम्ही दोघंही जाल. बाजूला हो. ती म्हणाली, "ठाऊक आहे मावशी. त्यांनी फरशी मोकळी ठेवायला सांगितली आहे. मला बाजूला व्हायला नाही सांगितलं."



मी विचारलं, इतकी वर्षं का नाही आलीस कधी? म्हणाली, रोजच जाते. सकाळी ते निघाले की संध्याकाळी दारात पाय वाजेपर्यंत मी वरच असते. पाय वाजला की कळतं दिवस कसा गेला. मग उतरते आणि चूल पेटवते. बोलायला लागले तर 'जाऊ नका' एवढंच तोंडून निघेल, म्हणून बोलत नाही.

शेवटी शेवटी तिचे हात खाली आले. म्हणाली, आधी पाय घासत होते, आता नीट पडतायत, पूर्वीसारखे. डोळे पुसले, आणि तू शिडीला लागायच्या आधी बाकावर जाऊन बसली. गोदामाचं तिने तिथेच ठरवलं असणार.

तेव्हा माझ्याकडचे आभार आता पुरे कर. माझ्याकडे ठेवायला जागा नाही.

हे मी सांगितलं असं तिला कळू देऊ नकोस, आणि काही विचारायलाही जाऊ नकोस. ती म्हणते ना मान बसने अवघडली, तर बसनेच अवघडली. तेल कोमट करून घे आणि रोज संध्याकाळी थोडं चोळून देत जा.

मावशी